पिवडी

आधी आम्ही माती तपासली.
मग हातपंपाचं पाणी, पत्र्याचे डबे, डब्यांचे डाख,
भातावर फवारायच्या बाटल्या,
जोरिनाच्या दाराचा निळा रंग नखाने खरवडून
कागदाच्या पुडीत.
नाटोरच्या त्या गावात मी घरोघर फिरायचे
एक्स-रेचं यंत्र घेऊन. पिस्तुलासारखं दिसतं ते.
एका म्हातारीने विचारलं,
भिंतीला ताप आलाय का गं, पोरी?
मी आकडा वाचला.
नव्हता.

रक्तात मात्र होता.
तीस बायका, सातव्या-आठव्या महिन्यातल्या,
तिसांच्याही रक्तात शिसं,
आणि गावात ना कारखाना, ना खाण,
फाट्यावर बॅटऱ्यांचं एक दुकान, तेही बंद.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं, मी दरवर्षी वर्गात सांगते,
मुलं हसतात.
त्या वर्षी सांगायचं राहिलं.

शिशालाही कूळ असतं.
समस्थानिकांची प्रमाणं ताडून बघायची,
मावशीचं नाक भाचीत ओळखावं तशी.
मातीचं जुळेना. रंगाचं जुळेना. डाखाचं तर नाहीच.
दोन वर्षं गेली.
जोरिनाची मुलगी चालायला लागली,
जरा उशिराच.
तिच्याच चुलीपाशी चहा पीत बसले होते,
तिने कालवणात चिमूट सोडली
आणि सगळं पातेलं उजळलं.
इतकं उजळतं?

तोफाज्जलच्या गिरणीत लोखंडी पिंप फिरत होतं,
आत हळकुंडं घासत, खडखडत.
त्याच्या पापण्यासुद्धा पिवळ्या.
मोठ्या पुराच्या साली माल भिजला, म्हणाला,
काळपट पडला, कुणी हात लावेना.
मग एका व्यापाऱ्याने पिवडी दिली,
खुर्च्या-टेबलं रंगवतात तीच.
किती घालता?
गिऱ्हाईक थांबेल इतकी.
आणि मग पूर ओसरला तरी?
तो हसला. पूर ओसरला, बाई,
डोळ्यांची सवय कुठे ओसरते?
तुम्हालाच पिवळी धमक लागते.
हात धुतले त्याने बादलीत. हे बघा, जातं की.
बादली अंगणात ओतली.
तिथे त्याचा धाकटा
बोटाने मातीत बोटी काढत होता.

हळद पिऊन कुणी लगेच गोरं होत नाही,
शिसं खाऊन कुणी लगेच मरत नाही.
ते कॅल्शियमचं सोंग घेतं, हाडात बिऱ्हाड करतं,
आणि बाई गरोदर राहिली
की बाळाच्या हाडांसाठी तिची हाडं उघडतात,
तेव्हा हेही निघतं बाहेर,
वीस वर्षांपूर्वीचं.
हे मी तीन परिषदांत सांगितलं आहे,
चित्रासकट,
आवाज न हलवता.

धाकटीच्या लग्नाला घरी गेले.
अंगणात हळदीचं ताट, बायका गात होत्या.
मी स्वयंपाकघरात जाऊन बरणीपुढे यंत्र धरलं.
माझ्या बरणीवर पिस्तूल रोखतेस?
आई म्हणाली,
आणि माझं तोंड बघून थांबली.

रात्री, पाहुणे निजल्यावर, विचारलं तिने.
मी सोप्या शब्दांत सांगितलं,
गावातल्या बायकांना सांगते तसं.
ती बोटं मोजत होती.
पुराच्या पुढच्या साली तू.
आठवा महिना होता, खोकला जाईना,
मी रोज रात्री दुधातून,
म्हणजे मीच तुला—
मी म्हटलं, मातृत्वाचा आकडा आणि बाळाचा आकडा
यांचा संबंध सरळ रेषेत नसतो.
हे खरं आहे.
ते वाक्य तिथे कशाला बोलले, कळत नाही.

आता ती हाटातून ओली हळकुंडं आणते, मातीसकट,
उकडते, गच्चीवर वाळवते, खलबत्त्यात कुटते.
मळकट भुकटी होते, जुन्या पोस्टकार्डाच्या रंगाची.
परवा पाबद्याचं कालवण केलं होतं.
अब्बांनी पहिला घास घेतला,
ताटात बघितलं, मग आईकडे.
मीठ कमी पडलंय का?
आईने मिठाची वाटी पुढे सरकवली.